बादलीतली ओली लागण

परवा दुपारी पिकोच्या मशीनवर बसले होते, तेवढ्यात खालच्या हायवेवरून एक ट्रक गेला. हौद्यात बायामाणसं, पोरं, पत्र्याच्या पेट्या, पाण्याची पिंपं, सगळ्याच्या वर उलटी टाकलेली बाज आणि बाजेच्या पायाला बांधलेली कोंबडी. ऊसतोडीची टोळी होती. दिवाळीच्या आगेमागे पाथर्डीकडून हे ट्रक निघतात आणि पुण्याच्या बाजूच्या कारखान्यांना जातात. आमच्या सुप्यात ऊस नाही. इथं कंपन्या, माळ आणि वारा. पण थंडी आल्याचं मला कॅलेंडर सांगत नाही, हे ट्रक सांगतात. पहिला ट्रक दिसला की मी माळ्यावरून स्वेटर काढते, बाजरी दळून आणते आणि पैठणीचं पाणी कमी करते.

पैठणी म्हणजे साडी नव्हे, माझी वेल. नर्सरीवाल्यानं तिचं इंग्रजी नाव सांगितलं होतं, ते मी घरी पोचेपर्यंत विसरले. पानाच्या वरच्या बाजूला दोन रुपेरी पट्टे, मध्ये हिरवा, कडेला जांभळा, आणि पान उलटं केलं की मागून सगळं गडद वांगी रंगाचं. खालच्या मजल्यावरच्या मनीषाताई ब्लाऊज शिवायला आल्या होत्या, त्या बघताक्षणी म्हणाल्या, "अय्या, ही तर पैठणी नेसून बसलीये." तेव्हापासून तेच नाव पडलं.

खरं सांगायचं तर ही माझी दुसरी पैठणी. पहिली मी मारली. आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घालायची सवय, तर शेजारीच टांगलेल्या हिलाही तेवढाच तांब्या. रोज, न चुकता, हात जोडून. महिन्याभरात देठं शिजलेल्या भेंडीसारखी झाली आणि एके दिवशी सगळी मान टाकून बसली. नर्सरीवाला म्हणाला, "ताई, तिची पूजा करू नका. तिला विसरा जरा." म्हणून दुसरीला मी विसरत विसरत वाढवली. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी आडोसा, माती वरून सुकली की मगच पाणी. आडोसा जास्त झाला की पट्टे फिके पडतात, ऊन जास्त झालं की पानं करपतात, एवढंच तिचं शास्त्र. तीन वर्षांत ती आमच्या दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलमधून निघून पार मनीषाताईंच्या खिडकीच्या चौकटीला टेकली. गिऱ्हाइकांना पत्ता सांगताना मी बिल्डिंगचं नाव घ्यायचंच सोडून दिलं. जांभळी वेल दिसेल तिथं वर या, म्हणायचे. साडीचा फॉल राहू दे बाजूला, बायका आधी वेलीचीच चौकशी करायच्या.

आता पोटातली गोष्ट सांगते. ती खालून राणी होती आणि वरून टकली. कुंडीच्या तोंडाशी सगळी वाळकी देठं, त्यावर एक पान नाही. जो काही थाट तो शेवटच्या दोन हातांत. हे फक्त मला ठाऊक, कारण कुंडी उंच टांगलेली. छाटायला हवी होती, कळत होतं. पण हात होईना. माझ्या आईनं आम्हा बहिणींच्या केसांना कधी कात्री लागू दिली नाही. शेंडे फाटले, वेणी उंदराच्या शेपटीएवढी झाली, तरी लांबी मोजायची ती मोजायचीच. लांब ते चांगलं, हे माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं असणार. एखादी गोष्ट वाढतेय एवढ्यावरच आपण खूश असतो. ती कुठून रिकामी होतेय, हे बघायला स्टुलावर चढावं लागतं, आणि स्टुलावर चढायचा कंटाळा येतो.

त्या वर्षी असेच ट्रक सुरू झाले होते, आणि आबा आमच्याकडं आले.

आबा म्हणजे माझे सासरे. सोनईजवळ त्यांची पाच एकर बागायत, मुळेच्या कालव्यावर, सगळा ऊस. सासूबाई गेल्यापासून तिथं एकटेच राहायचे, आणि हट्टानं राहायचे म्हणा ना, कारण कुणी चला म्हटलं की अंगावर यायचे. कालव्याच्या चारीचं पाणी उसाला धरताना पाय घसरून पडले, खुबा मोडला. नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि डॉक्टर म्हणाले की संक्रांतीपर्यंत काठीशिवाय पाऊल नाही. आमचे हे कंपनीत फिटर, सकाळी सातला घराबाहेर. मुलगी पुण्याला शिकायला. तेव्हा दिवसभर घरात दोघंच, मी आणि आबा, मध्ये शिलाई मशीन.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्या एकोणीस वर्षांत आबा माझ्याशी जे काही बोलले ते "चहा टाक" आणि "कवा आलीस" यात मावलं असतं. माणूस वाईट नाही. पण सुनेशी काय बोलायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, बाजूला वॉकर. गावाला फोन लावायचे. "पाणी सुटलं का? कोनाची पाळी हाय? माझ्या सरीला कोन धरतंय?" मग मोबाईल खिशात घालून माळाकडं बघत बसायचे. थंडी सुरेख होती. सकाळी पवनचक्क्यांच्या डोंगरावर धुकं, दहाला लख्ख ऊन, कंपन्यांच्या बसगाड्या, खाली हातगाडीवर हरभऱ्याचे ढाळे. आणि आमच्या घरात एक माणूस डांबून ठेवल्यासारखा.

मी जे बघायचं टाळत होते, ते त्यांना दिवसभर खुर्चीतून मान वर करून दिसलं. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाले, "हिचं बूड गेलंय."

"कुणाचं?" मी मशीन थांबवलं.

"ह्या तुज्या येलीचं. वरून खोडकी झालीया. खोडवा धर तिचा. जमिनीलगत छाट, नवं फुटतं."

मी म्हटलं, "आबा, तीन वर्षं लागली हो एवढी व्हायला."

"उसाला बी वर्स लागतं. तरी तोडतोच की."

मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ज्या माणसानं आयुष्यात कुणाची परवानगी घेतली नाही, तो रोज सकाळी चहाबरोबर माझ्याकडं वेल छाटायची परवानगी मागत होता. उठून स्वतः छाटता येत नव्हतं, हेही खरं. शेवटी रविवारी मीच स्टुलावर चढले आणि कुंडी खाली काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. जवळून बघितल्यावर मलाच लाज वाटली.

"कातर दे," म्हणाले.

"कापडाची कात्री झाडाला नाही मिळायची. धार जाते."

"मग इळा?"

"फ्लॅटमध्ये विळा कुठला?"

शेवटी भाजीच्या सुरीवर तडजोड झाली. पायात सळई, मांडीवर वर्तमानपत्र, आणि आबांनी पैठणी भादरली. मी दुसरीकडं तोंड केलं होतं. पण सुरीचा आवाज थांबला, तसं बघितलं तर ते एक देठ डोळ्याजवळ धरून बसलेले. "हिला बी डोळं हायत गं. हे बघ, पेरापेरावर. उसाचंच बेनं हाय हे." चेहरा असा उजळला होता की त्यांच्या घरी नातू झाला म्हणून सांगितलं असतं तरी एवढा उजळला नसता. मग दोन दोन डोळ्यांची टिपरी तोडत गेले. मोजली नाहीत, पण परात भरली.

आणि तिथून खरी गंमत सुरू झाली, तेव्हा तिला मी गंमतच समजत होते. आबांना ह्यांनी कंपनीतून रंगाच्या सहा रिकाम्या बादल्या आणून दिल्या. मनीषाताईंनी माती पाठवली. आबांनी प्रत्येक बादलीत मधोमध सरी पाडली, बोटभर पाणी उभं राहीपर्यंत पाणी सोडलं, आणि त्या चिखलात टिपरी आडवी टाकून अंगठ्यानं दाबत गेले. "ओली लागन हिला म्हनत्यात," मला सांगत होते. "शेतात पायानं दाबायचं. हितं आंगठा बास हाय." एकोणीस वर्षांत नाही बोलले तेवढं त्या एका दुपारी बोलले. कुठल्या रानात कुठला ऊस पडला, सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदा लागणीला आल्या तेव्हा टिपरं उलटं लावलं म्हणून केवढं हसले होते, सगळं.

बादल्यांना भोकं नव्हती. मला दिसत होतं. ही वेल पाण्यानं मरते, हेही मला ठाऊक होतं. एक मारून झाली होती माझी. तोंडाशी आलं होतं. एकदा म्हटलंही, "आबा, खाली भोक पाडूया का?"

"शेताला कुटं भोक आसतं?" म्हणाले आणि पुढच्या बादलीकडं वळले.

मी गप्प बसले. ज्यानं पन्नास वर्षं ऊस लावला त्याला मी पाणी शिकवू? लहान तोंडी मोठा घास. आदर म्हणून गप्प बसले, असं मी मनाला सांगितलं. आदर होता, नाही कशाला म्हणू. पण त्यात थोडी भीती होती आणि थोडा आळसही होता.

चौथ्या दिवशी त्यांनी पाणी दिलं, त्याला आंबवणी म्हणतात. आठव्या दिवशी परत. थंडीत बादलीतलं पाणी काही सुकेना. पंधराव्या दिवशी वास आला. आबांनी एक टिपरं उचललं, ते बोटातच फुटलं. दुसरं उचललं. तिसरं. सहाही बादल्या गेल्या. कुंडीतलं बूड तेवढं राहिलं होतं, वाळकं, काड्यांसारखं.

मला वाटलं होतं चिडतील. बादलीला, थंडीला, सुप्याच्या मातीला शिव्या घालतील. नाही घातल्या. हात धुऊन घेतले आणि खुर्चीत बसले. संध्याकाळी हे घरी आल्यावर त्यांना म्हणाले, "ती जमीन वाट्यानं देऊन टाक. मला आता न्हाई जमायचं. हात गेला माजा."

ह्यांना तर हेच हवं होतं. ऑपरेशनपासून ते आबांना समजावत होते की पाचही एकर गावच्या रामभाऊला वाट्यानं द्या, तो करील, तुम्ही इथं आरामात राहा. रामभाऊ भला माणूस आहे. ह्यांचंही चुकत होतं असं नाही. बाप परत पडला तर उचलायला कोण आहे तिथं? संक्रांत झाली की रामभाऊला बोलवून ठरवून टाकायचं, असं नक्की झालं. हे त्या रात्री शांत झोपले. मला मात्र काही झोप आली नाही. एका वेलीवरून माणूस पाच एकरावर पाणी सोडतो, आणि त्या वेलीचं काय चुकलं ते मला आधीपासून माहीत होतं.

पुढचे दिवस घर फार शहाण्यासारखं चाललं. आबा दिलेलं खायचे. चहात साखर कमी म्हणायचे नाहीत. गावाला फोन लावायचं बंद झालं. पाणी सुटलं काय, नाही सुटलं काय. बाहेर ती एवढी छान थंडी, आणि ते भिंतीकडं तोंड करून पडायचे. भांडखोर माणूस गप्प झाला की किती भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं.

मग एकदा चिंध्यांची पिशवी आवरत होते. मशीनखाली कापडाचे तुकडे टाकते ती. त्यात एक टिपरं सापडलं. छाटणीच्या दिवशी उडून पडलं असणार. तीन आठवडे ना माती, ना पाणी, ना ऊन. आणि त्याच्या पेराला पांढरं मूळ फुटलेलं, टोकाला गव्हाएवढं गुलाबी पान. मी तिथंच फरशीवर बसून राहिले.

ते घेऊन आबांकडं गेले. त्यांनी बघितलं. हातात घेतलं नाही. म्हणाले, "तू लाव. माजा हात नगं."

आमच्या जिल्ह्यातच पेडगाव आहे. वेड पांघरून तिथं जायची म्हण सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक, मग आम्हाला तर हाकेच्या अंतरावर. ते टिपरं मी त्याच जुन्या कुंडीत, वाळक्या बुडाशेजारी खोचलं आणि कुंडी आबांच्या खुर्चीशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी तांब्या भरून घेऊन उभी राहिले. "आबा, घालू का हो पाणी?"

"मला काय इचारतीस?"

"मला कळत नाही ना ओल. पहिली अशीच मारली मी, रोज तांब्या ओतून. तुम्ही नुसतं सांगा. हात नका लावू."

पहिली मारल्याचं मी तोपर्यंत घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आबांनी माझ्याकडं बघितलं. बरंच बघितलं. मग कुंडी ओढली आणि मातीत बोट घातलं. "वाफसा हाय," म्हणाले. माती चिकटत नाही पण बोटाला गार लागते, ती ओल. "आज नगं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या. "आज नगं." तिसऱ्या दिवशी नगं. पाचव्या दिवशी म्हणाले, "दे. आर्दा तांब्या." मी ओतायला लागले तर मनगट धरलं, "आगं हळू, पूर आनतीस का काय!"

मग मीही हिंमत केली. म्हटलं, "आबा, बादल्यांना भोकं पाडायला हवी होती. मला कळत होतं. मी बोलले नाही."

"बोलली हुतीस की."

"एकदाच बोलले. भांडायला हवं होतं."

संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "साखर घातलीस का इसरलीस?" त्या वाक्यानं मला इतका आनंद झाला की मी उठून दोन चमचे जास्तीची घातली.

पौषात काड्यांना फुटवे आले. ज्या बुडाला मी मेलेलं समजत होते, त्याच्या प्रत्येक डोळ्यातून एकेक जांभळं टोक. आठवड्याभरात कुंडीचं तोंड झाकलं. आखूड, दाट, पट्टे असे झळझळीत की तीन वर्षांत मी बघितले नव्हते. गिऱ्हाइकं विचारायची, ही नवीन आणलीत का? आबा दारातून उत्तर द्यायचे, "खोडवा हाय." बायकांना काही कळायचं नाही, पण मान हलवायच्या. गावाला फोन परत सुरू झाले. भिंतीकडं तोंड करून पडणं संपलं. काठीवर जिना उतरून ते मनीषाताईंना झाडाला पाणी कसं द्यावं यावर व्याख्यान देऊन आले.

आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी ठरल्याप्रमाणं रामभाऊ आले. तिळगूळ झाला, चहा झाला. हे म्हणाले, "मग आबा, पाचही एकर रामभाऊंकडं. सांगा, म्हणजे पक्कं करू."

आबा कुंडीकडं बघत नव्हते, रामभाऊंकडंही नाही. माझ्याकडं बघत होते. "पोरी," म्हणाले, "काय करू?"

भाजीत मीठ किती, हेसुद्धा ज्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. ह्यांनी डोळ्यांनी मला खुणावलं, आणि खूण काय होती ते सांगायला नको. खरं सांगू का, मलाही ते राहायलाच हवे होते. सकाळी दहा वाजता माझ्याशी भांडायला दुसरं कोण होतं? आणि पाठवलं, परत पडले, तर जन्मभर बोल मला लागणार. गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसण्याचा अनुभवही होता.

"जा तुम्ही, आबा," मी म्हटलं. "चार एकर रामभाऊंना द्या. एक तुमच्याकडं ठेवा. पाणी धरायला रात्रीचं जायचं नाही, आणि चारीवर रामभाऊ बरोबर असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही."

हे "अगं" म्हणाले आणि थांबले. रामभाऊ कपातल्या उरलेल्या चहाकडं बघायला लागले.

"येकच?" आबा म्हणाले.

"एकच."

"येका एकरात काय हुतंय? बैल बी वळत न्हाई. दोन."

"एक."

"दीड."

"बरं, दीड. पण काठी सोडायची नाही."

रामभाऊ हसले, मग हेही हसले, नाइलाजानं का होईना. गुरुवारी आबा गेले. त्यांना एसटीत बसवून मी परत आले आणि मशीनवर बसले, तर डोळ्यांतलं पाणी थांबेना. एका साडीचा पिको वाकडा गेला तो उसवून परत करावा लागला. दारातली खुर्ची उचलून आत ठेवायचं माझ्यानं झालं नाही.

पंधरा दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला. मागं माणसांचा गलका, आणि चिखलात पायांचा चपक चपक आवाज.

"लागन झाली," म्हणाले. "काठी हातात हाय. रामभाऊ शेजारी हुबा हाय, इचार त्याला."

"किती लावलं?"

आधी त्यांनी कुणाला तरी पाण्यावरून ओरडून घेतलं.

"दोन एकर," आबा म्हणाले, आणि मी भांडायच्या आत फोन ठेवून दिला.